मागची बस

आमचे हे बॉयलर तपासनीस. बॉयलरला पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचा दोन असतात, एक फुटली तर दुसरीवर काम भागतं. हे शहाणपण त्यांनी तीस वर्षं कारखान्यांत वापरलं आणि निवृत्त झाल्यावर सगळं माझ्यावर. परदेशात फिरायला निघालो तेव्हा नियम ठरला: दोघांनी एका बसमध्ये बसायचं नाही.

"बातम्या बघतेस ना? कुठे कोण काय फोडेल, नेम नाही. पोरीसाठी एकजण तरी उरायला हवा."

पोर आमची एकुलती एक. वीस वर्षांची, वसतिगृहात राहून शिकतेय.

"एवढी धास्ती आहे तर आलो कशाला?" मी विचारायची. टूरच्या बस दोन. पुढच्या बसमध्ये एक दिवस मी, एक दिवस हे. बरोबरच्या मंडळींना वाटे, यांचं बिनसलंय. एक काकू तर समेट घडवायला आल्या होत्या!

सहाव्या संध्याकाळी मात्र कहर झाला. हॉटेलात गरम सूप समोर आलं, आणि शेजारचा माणूस खुर्चीखाली बॅग ठेवून आत गेला. यांनी मला हाताला धरून उठवलं. दारापर्यंत पोहोचलो तोवर तो हात धुऊन परत आला. लोक बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रात्री मी अबोला धरला.

सकाळी हे बसपाशी म्हणाले, "आज बसू एकत्र. शेवटचा दिवस आहे."

सहा दिवस मी याच वाक्याची वाट बघत होते. पण माझं डोकं अजून त्या सुपावर होतं.

"नको. नियम म्हणजे नियम," मी म्हटलं आणि पुढच्या बसमध्ये चढले. खरं तर त्या दिवशी पुढच्या बसची पाळी त्यांची होती.

हे खिडकीखाली आले. "स्वेटर राहिला तुझा."

"आणा मागून."

बस निघाली. हे स्वेटर हातावर टाकून उभे होते.

संग्रहालयात आम्ही सामान जमा करत होतो, तेव्हा धाडकन आवाज झाला. काचेची कपाटं थरथरली. रखवालदारांनी दारं लावून आम्हाला तळघरातल्या खोलीत नेलं.

"मागची बस?" मी टूरवाल्या बाईंना विचारलं.

"पुलापाशी होती. दहा मिनिटांपूर्वीच बोलले मी ड्रायव्हरशी."

"आणि आवाज कुठला?"

त्या फोनकडे बघत राहिल्या. "पुलाकडचाच म्हणतायत, काकू."

यांचा आणखी एक नियम होता. जो सुखरूप असेल त्याने दुसऱ्याला शोधायला धावायचं नाही. तो मी तिथल्या तिथे मोडला असता, पण दाराला कुलूप होतं. मी रखवालदाराला हात जोडले, बोट दाखवलं, रडले. तो हळू आवाजात काहीतरी बोलला आणि त्याने मला बाकावर बसवलं. भला माणूस होता, दार काही उघडलं नाही. खोली गार होती. मी अंग चोरून बसले आणि पुन्हा पुन्हा यांचा नंबर लावला. दर वेळी एक बाई त्या देशाच्या भाषेत तेच वाक्य बोलायची. शेवटी मी तिलाच म्हटलं, "बाई गं, जोडून दे ना." मी चुकले होते, आणि तेवढंच मला यांना सांगायचं होतं.

मग फोन वाजला. लेकीचा.

"आई! टीव्हीवर दाखवतायत! बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"बाबा लागत नाहीयेत. दे त्यांना."

"ते मागच्या बसमध्ये होते."

नियम तिलाही पाठ होता.

"कुठली बस, आई? टीव्हीवर एक बस..." तिचा आवाज चिरकला. "आई, बोल ना. बाबा कुठे आहेत?"

"मी आहे गं," मी म्हणाले. "मी आहे."