मॅक्सीनच्या घरात कुत्रं नाही

आमच्या केंटकीच्या डोंगरात माणसं एकवेळ बायकोबद्दल चार शब्द ऐकून घेतील, कुत्र्याबद्दल नाही. आणि माझी नोकरी काय, तर कुत्र्याबद्दल ऐकवणं. गेल्या वर्षी काउंटीनं नियम केला: पाणी गोठेल इतकी थंडी असेल तर कुत्रं बाहेर साखळीला अर्ध्या तासाहून जास्त ठेवायचं नाही. तीनदा सापडलं की कुत्रं जप्त. जप्त करणारी मी, ऱ्होंडा स्टकी.

अर्धा तास सिद्ध कसा करायचा? साखळी गळपट्ट्याला अडकते त्या कडीवर मी कागदी चिकटपट्टी लावते, तिच्यावर वेळ लिहिते आणि कोपऱ्यावर गाडीत कॉफी पीत बसते. परत आल्यावर पट्टी शाबूत असेल तर कुत्रं सोडलेलं नाही. ऑर्विल टीगच्या अंगणात ती दोनदा शाबूत निघाली.

ऑर्विल लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेला म्हातारा, आणि हट्टी इतका की खेचरांनी त्याच्याकडे शिकवणी लावावी. त्याची बायको मॅक्सीन तीन वर्षांपूर्वी गेली. आता घरात तो एकटा आणि अंगणात बँजो, त्याचा लांब कानांचा शिकारी कुत्रा. त्या म्हाताऱ्याला दुसरं होतं कोण? आणि तिसरी वेळ आली तर बँजोला मलाच न्यावं लागणार होतं.

जानेवारीत एका सकाळी गेले, तर ऑर्विल अंगणात खुर्ची टाकून बसलेला. अंगात शिकारीचा कोट, वर दोन गोधड्या, मांडीवर नियमाचा कागद आणि पायाशी साखळीला बँजो.

"ये पोरी," तो म्हणाला. "कलम चार वाच. मालक शेजारी असेल तर साखळी चालते. मालक हजर आहे."

"मिस्टर ऑर्विल, ओठ निळे पडलेत तुमचे."

"ओठांबद्दल कलम नाही."

"अहो, घरात घ्या ना त्याला! आत शेगडी पेटलीय की."

"मॅक्सीनच्या घरात कुत्रं येत नाही. सहा वर्षं तिनं याला उंबरठा ओलांडू दिला नाही. आता ती ओरडायला नाही, म्हणून मी तिचा शब्द मोडू?"

मी पट्टी खिशात टाकली. निघून जाता आलं असतं, पण म्हातारा तिथेच गोठून बसला असता. मग मीही दुसरी खुर्ची ओढली आणि थर्मासमधली कॉफी दोघांनी संपवली. वीसेक मिनिटांनी तो उठायला गेला, तर गुडघे ऐकेनात. मी दंड धरला, त्यानं झिडकारला.

"आधी बँजोला सोड. मी आत गेलो की लगेच पट्टी चिकटवशील, ओळखतो मी तुला."

मी बँजोला सोडलं आणि ऑर्विलला धरून स्वयंपाकघराच्या दाराशी आणलं. दार उघडायचा अवकाश, बँजो आमच्या पायांमधून आत.

"बँजो! बाहेर हो!"

बँजो दारातल्या पायपुसण्यावर थांबला. त्यानं पुढचा एक पाय उचलून धरला. मग दुसरा. मग मागचे दोन, एकेक करून. कुणी पाय पुसेना, तेव्हा तो सरळ शेगडीशेजारच्या कपाटाकडे गेला आणि त्याचा खालचा खण नाकानं ओढून उघडला. मॅक्सीनच्या टॉवेलांचा तो खण ऑर्विलनं ती गेल्यापासून उघडलाच नव्हता. आत कुत्र्याच्या बिस्किटांचा डबा होता आणि एक जुना टॉवेल, बँजोच्या तांबूस केसांनी भरलेला.

ऑर्विल खुर्चीत बसला.

"सहा वर्षं," तो म्हणाला. "मी तिकडे गिरणीत राबतोय आणि इकडे हे दोघं! अगं लबाडे!"

तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. माझेही भरले, खोटं कशाला बोलू. मग त्यानं टॉवेल उचलला आणि हात पुढे केला.

"आण रे पाय."

बँजोनं पाय दिला. मी खुर्ची ओढून बसणार, इतक्यात ऑर्विलनं मान वर केली.

"पोरी, बूट पुसून ये. मॅक्सीनचं घर आहे."