तळाची निळी क्लिप

पोहण्याच्या तलावाच्या तळाशी कुणाची तरी केसांची निळी क्लिप पडली होती, आणि पाण्यातून पाहताना ती मोठी होत होती, लहान होत होती, जणू श्वास घेत होती... आत्याने अंग सैल सोडलं. जीवरक्षकांच्या वर्गाला शिकवता शिकवता तिला बुडण्याचं सोंग आता छान जमत होतं.

वर काठावर सगळा वर्ग ओरडत होता, "उडी मार, बघतेस काय!" ओरडायला आत्यानेच सांगितलं होतं, पोर गडबडते का ते बघायला. परीक्षा उंच खुर्चीवरच्या मुलीची होती, म्हणजे तिच्या भावाच्या लेकीची. आज पास झाली तर उद्यापासून लहान मुलांच्या तलावावर ती एकटी बसणार होती. आधी दोरी बांधलेली रिंग फेकायची, उडी सगळ्यांत शेवटी — हे पोरीला तोंडपाठ होतं. पण मागच्या खेपेला 'आत्या' म्हणून किंचाळली आणि मारली उडी. मग आत्याही तिच्या गळ्यात पडली, बुडणारे पडतात तशीच, दाबलं तिला खाली... वर आल्यावर खोकत होती, रडत होती. "बुडणारं माणूस कुणाची आत्या नसतं, कळलं?" आत्या म्हणाली होती. केवढी शहाणी मी, तिला आता वाटलं.

कानात पाणी भरलं तसा आरडाओरडा लांब गेला, शेजारच्या घरात चाललेल्या भांडणासारखा. लहानपणी ताप आला की ही पोर आत्याच्या याच हाताचं बोट धरून झोपायची, आणि झोपल्यावरही बोट सोडवून घेणं जिवावर येई... आत्याने मान वळवली. खुर्ची रिकामी होती. काठावर एक लांबट सावली उभी होती, हलत नव्हती. बघते आहे. विचार करते आहे. शाबास, घे वेळ, कुणाचं ऐकू नकोस — आणि त्याच वेळी आत कुणीतरी हट्टाने म्हणत होतं, ये ना गं, मार उडी.

रिंग बरोबर खांद्याजवळ येऊन पडली.

"आत्या, रिंग धर. मी ओढते." आवाज जराही कापला नव्हता.

उद्या ही एकटी बसेल, आणि कुणाचं तरी लेकरू सुखरूप घरी जाईल. आत्याला अभिमान वाटला, अगदी ऊर भरून वाटला — आणि पोरकंही वाटलं. दोरीच्या दुसऱ्या टोकाला पोर पाय रोवून उभी होती, जसं शिकवलं होतं तशीच. खाली क्लिप अजून श्वास घेत होती. रिंग हाताशी होती... आत्याने हात पुढे करायला थोडा उशीर केला.