सोनसावरीचं पाणी

फाल्गुनातल्या त्या सकाळी नरडाण्याजवळच्या आमच्या गावात हजारभर माणसं एका झाडाभोवती जमली होती. प्रेमराजबाबाने झाडावरची हिरवी जाळी ओढली. फांद्यांवर एक पान नव्हतं, पण तळहाताएवढी पिवळीधमक फुलं लगडली होती.

"मरेल झाडले फुलं उनात," माझी आई, भागाबाई, हात जोडून म्हणाली. मेलेल्या झाडाला फुलं आली, हे ती दर वर्षी मानायची.

हे झाड दर पौषात गावाच्या पापाने मरायचं आणि दर फाल्गुनात बाबाच्या मंत्राने उठायचं. त्याच्या फुलांच्या पाण्याने दमा जायचा, साखर जायची, सुनेची कटकटसुद्धा जायची. गेल्या वर्षी माझे वडील, नाना, गेले. बाबाच्या शब्दावर आईने त्यांचं इन्सुलिन बंद केलं. बाराव्या दिवशी नाना बेशुद्ध झाले, ते उठलेच नाहीत. बाबा भेटायला आला आणि आईला म्हणाला, "अक्का, तुमची श्रद्धा कमी पडली."

वर्षभर आई स्वतःलाच दोष देत राहिली. मी मात्र त्याला सोडणार नव्हते.

मी चाळीसगावला वनस्पतिशास्त्र शिकवते. गर्दीतून पुढे गेले आणि पिवळ्या पाकळ्यांच्या पाण्याचा ग्लास बाबापुढे धरला.

"बाबा, पहिला घोट तुमचा."

बाबाने पाकळ्यांकडे पाहिलं, डोळे मिटले. "ही माझी संजीवनी. या पाकळीत प्राण मीच फुंकला."

ग्लास ओठांकडे गेला. मला आधीच थांबवता आलं असतं. मी काठ ओठांना टेकायची वाट पाहिली, मग मनगट धरलं.

"यात मी घरून टाकून आणलेली पिवळी कण्हेर आहे. हिच्या विषाने हृदय बंद पडतं."

बाबाने ग्लास फेकला आणि तो उपरण्याने ओठ घासू लागला.

"प्राण फुंकलेलं फूल ओळखता आलं नाही तुम्हाला," मी म्हणाले. "झाडावरची सोनसावर आहे. ती हिवाळ्यात पानं गाळते आणि उघड्या फांद्यांवर फुलते. सातपुड्याच्या उतारावर आत्ता कितीतरी फुलल्यात. तिथे कुणी मंत्र म्हणत नाही."

"मग पंधरा दिवस जाळी कशाला?" कुणीतरी विचारलं.

मंडपवाला छगन मान खाली घालून पुढे आला. "कळ्या दखायन्यात का जाळी बांधी दे, असं बाबाच सांगे." कळ्या दिसताच झाड झाकलं की फुलं एका मंत्रात उमलल्यासारखी वाटायची.

बाबा गाडीकडे निघाला. आई त्याच्या वाटेत उभी राहिली. "मनी श्रद्धा कमी पडनी ना? चाल, पोलिसले सांग तसं."

जादूटोणाविरोधी कायद्याखाली पहिला जबाब तिनेच दिला. इंजेक्शन आपण थांबवलं, हेही तिने लपवलं नाही. बाबाला पोलिसांच्या गाडीत कोंबताना पाहून मला बरं वाटलं. ते मीही लपवत नाही.

तुमच्या गावात वाळलेलं झाड फुललं, तर हात जोडण्याआधी त्याचं नाव विचारा. फूल डोळे भरून पाहा. आणि चालू औषध बंद करायचं असेल तर फक्त डॉक्टरांना विचारा.