फारकतपत्रासाठी पसरलेली ओंजळ

माझी आई यरुशलेमच्या धर्मन्यायालयात बायकांची बाजू मांडते. आम्हा ज्यूंमध्ये नवऱ्याने स्वखुशीने फारकतपत्र हातात दिल्याशिवाय बाई सुटत नाही. योखेवेदमावशीचा नवरा सात वर्षांनी कबूल झाला, म्हणून मीही शाळा बुडवून गेले. तो दारात दिसला आणि मला राहवलंच नाही.

"आलात ना नाक घासत? आईने आणलंच वठणीवर!"

तो नुसता हसला. आत न्यायाधीशांनी विचारलं, "स्वखुशीने देतोस ना?"

"छे! मला वठणीवर आणलंय. वकीलबाईंच्या लेकीलाच विचारा."

"मुली, असं म्हणालीस?"

मी होकारार्थी मान हलवली. बळजबरीचं पत्र चालत नाही, म्हणून काम तिथेच थांबलं. मावशीने पत्र घ्यायला पसरलेली ओंजळ हळूच मिटली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लंस का गं?"