दाराच्या पोटातलं

यान ह्वेइरूनं मुख्य खटका खाली ओढला. लिफ्ट कंपनीच्या चाचणी-मनोऱ्यातले दिवे गेले. तिनं तो पुन्हा वर केला. लिफ्टचा डबा मजल्यापासून वीतभर खाली अडकलेला होता, तरी दार उघडलं. अगदी अदबीनं, आवाज न करता.

"परत," निंग म्हणाला.

परत तेच झालं. निंग हाओरान तिचा साहेब, पण वयानं बराच लहान, म्हणून तिला 'जिए', ताई, म्हणायचा. उघड्या दारातून त्यानं पाय पुढे टाकून पाहिला आणि झटकन मागे घेतला.

"यान-जिए, आपल्या नव्या फंक्शननं बरोबरच उत्तर दिलंय. त्याला जे दिलं, त्यावरून. म्हणजे द्यायचंच काहीतरी राहिलं. जुना प्रोग्राम असं करतो?"

"नाही. जुनं दार थांबतं."

"का थांबतं?"

"त्याचं त्याला माहीत."

निंग हसला नाही. विनोद नव्हताच तो. जुन्या प्रोग्राममध्ये दार ही एक वस्तू होती. तिला नुसतं 'उघड' म्हणायचं. उघडायचं की नाही ते ती आपल्या पोटात पाहून ठरवायची, आणि पोटात काय आहे ते बाहेर कोणाला सांगायची नाही. नव्या पद्धतीत पोटच नव्हतं. फंक्शनच्या हातावर ठेवाल तेवढंच त्याला ठाऊक, आणि तेच ठेवलं की उत्तर दर वेळी तेच. ह्वेइरूला ही पद्धत आवडायची. शिकताना तिला वाटलं होतं, घरातली माणसंही अशीच असती तर किती भांडणं वाचली असती.

जागेवर येऊन तिनं जुनं दार पुन्हा वाचलं. तिची नजर दोन अक्षरांवर अडली. डी-डी. त्या काळी सगळे असंच लिहायचे, चिनी शब्दांची नुसती आद्याक्षरं, रोमन लिपीत. दारासमोर दिवाही असायचा, म्हणून ते 'दियान-दंग', दिवा लावणं, असं समजून नव्या पद्धतीत उतरवताना तिनं ते गाळलं होतं. दिव्याचं काम आता दुसरीकडे होतं.

जुनं दार पेईनं लिहिलेलं. जेवणघरात तो कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटाच सूपातल्या नूडल्स ओढत होता. त्याच्याच हाताखाली ती कामाला लागली, म्हणून अजूनही त्याला शीफू, उस्ताद, म्हणायची; तो तिला शियाओ यान, धाकटी यान.

"शीफू, डी-डी म्हणजे काय?"

"जेवलीस?"

"जेवेन. डी-डी."

"तू दिवा समजलीस ना?"

ती समोर बसली. "तुम्हाला माहीत होतं?"

"तपासून सही कोणी केली त्यावर? मीच ना."

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलं कोणी?" त्यानं आल्याची काडी वाडग्याच्या कडेला लावली. "नवं सगळं स्वच्छ म्हणे. पोटात काही ठेवायचं नाही म्हणे. शुक्रवारी मला हलका करतायत, शियाओ यान."

त्यांच्या धंद्यात कोणाला काढत नाहीत, हलकं करतात. प्रोग्राम हलका करायचा, तोच शब्द.

"माझ्या वयाच्या माणसाला कोण दारात उभं करतं गं? म्हटलं, गोदामातली लिफ्ट आहे. अडतील, बोंबलतील, येतील माझ्याकडे. चार महिने तरी ठेवतील."

"गोदाम नाही आता. बदललं. सोमवारी वूजियांगच्या दवाखान्यात बसतेय. स्ट्रेचरची लिफ्ट."

पेईनं तिच्याकडे नीट पाहिलं. चॉपस्टिक्स वाडग्यावर आडव्या ठेवल्या.

"दंग-दंग," तो म्हणाला. थांब, थांब.

ती थांबली. त्यानं वाडगा दोन्ही हातांनी उचलला, उरलेलं सूप प्यायला, तोंड पुसलं. ती थांबूनच होती. त्यानं भुवया उंचावल्या, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की त्याचं सांगून झालंय.

"थांब?"

"वीज आली की डबा मजल्याशी जुळेपर्यंत थांब. एवढंच. एकदा चाचणीत माझाच पाय जाता जाता राहिला, त्या दिवशी घातलं. जा आता. आणि जेव काहीतरी."

तिनं तो थांबा फंक्शनच्या हातावर ठेवला, पूर्ण नावानिशी. संध्याकाळी मनोऱ्यात दार थांबलं. डबा सरकला, जुळला, मग उघडलं.

"कोणी सांगितलं?" निंगनं विचारलं.

"पेई शीफूंनी."

"जाता जाता? मोठ्या मनाचा माणूस," निंग म्हणाला, आणि ते त्याला मनापासून वाटत होतं. तो पुढे शुक्रवारबद्दल काही बोलेल म्हणून ती वाट पाहत राहिली. "अशी अक्षरं अजून कुठे आहेत?"

"मी लिहिलेल्या जुन्या भागात आहेत. लिफ्टच्या ब्रेकमध्ये."

"चला, उरकूनच टाकू."

तो तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. ती एकेक अक्षरजोडी फोडून सांगत गेली, तो पूर्ण शब्द लिहीत गेला. सोपं होतं. जुनी ट्रंक उपसताना लागते तशी तिला त्यात गोडीही लागली.

"बघा," निंग खुशीत म्हणाला, "आता उद्या तुमच्या खुर्चीत कोणीही येऊन बसलं तरी वाचेल."

तिचा हात माउसवर तसाच राहिला.

"आणि हे? एम-एक्स?"

मान-शिया. सावकाश खाली. एका थंडीत, हीटर बंद पडलेला असताना, बोटांवर फुंकर घालत तिनंच ते लिहिलं होतं. तेव्हा अंगात घातलेल्या स्वेटरचा रंगसुद्धा तिला आठवत होता.

"नाही आठवत," ती म्हणाली.

"अजिबात?"

"बारकाईनं बघावं लागेल. गुंतागुंतीचं असणार."

निंगनं मान हलवली. "मग घाई नको. ब्रेकचा मामला आहे. तोवर जुनंच चालू ठेवू. पुढच्या तिमाहीत तुम्हीच घ्या हे, दुसऱ्या कोणाला जमायचं नाही."

तो उठून गेला. समोरच्या टेबलाशी पेई आपला चहाचा पेला वर्तमानपत्रात गुंडाळत होता. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग, परीक्षेत कॉपी करणाऱ्या लाडक्या मुलीला पाहून मास्तरांनी खिडकीबाहेर बघावं, तसं त्यानं सामानाच्या खोक्यात डोकं घातलं आणि पेल्याला अजून एक कागद गुंडाळला.