घरचा वाफा

“वहिनी, ही घ्या. त्या किडक्या वांग्यांचं भरीत कशाला करताय?” असं म्हणत दाजींनी माझ्यापुढे पिशवी उपडी केली. दहा-बारा वांगी होती, तेल लावल्यासारखी चकचकीत, एकालाही भोक नाही. मोठ्या प्लॉटातून स्वतःच्या हाताने तोडून आणल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

माझी नणंद अनुपमाताई आणि त्यांचा नवरा सत्यजीत, म्हणजे हे दाजी, त्या रविवारी पुण्याहून ब्रंचला आले होते. ताईंनी फोनवर तसं सांगितलं तेव्हा मी विचारलं, ब्रंच म्हणजे काय? तर नाश्त्याच्या नंतर आणि जेवणाच्या आधी खायचं, घरचं, साधं, सीझनचं. म्हणजे न्याहारी. आमच्या शिरूरच्या बाजूला बायका जन्मभर ती रांधून शेतात पोचवतात, त्याचं कुणाला कौतुक नाही. असो. सकाळी उठून मी मेथी निवडली, पातीचा कांदा उपटला, ओला हरभरा आणला आणि वांगी तोडली ती घरच्या वाफ्यातली.

असा घरचा वाफा आमच्याकडे बहुतेक बागायतदारांचा असतो. विहिरीजवळच्या दोन सऱ्या घरासाठी राखायच्या, तिथे औषधाचा थेंब पडू द्यायचा नाही. त्यातली वांगी वाकडी निघतात, किडकी निघतात. आपण अळी काढून, तेवढं कापून टाकून खातो. बाजाराला जातं ते मोठ्या प्लॉटातलं. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात मला बजावलं होतं, दोन्हींत गल्लत करायची नाही. दाजींनी ती केली, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

“दाजी, ही न्हाई चालायची,” मी म्हणाले. “काल सांजच्याला औषध मारलंय त्यावर. पाच दिवस खायची न्हाईत.”

ओसरीवर बसलेल्या आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी घरची लक्तरं वेशीवर टांगली. “मिठाच्या पाण्यात धुऊन घे की. काय व्हत न्हाई, पाव्हणं. हिला उगंच भ्या वाटतंय.”

ताई हरभरा सोलत होत्या. त्यांचा हात थांबला. “मग ही तोडणार कधी?”

“आज. तीनला टेम्पो येतोय,” मी म्हणाले.

“कुठं जातो टेम्पो?”

“पुण्याला.”

“आबा,” ताई म्हणाल्या, “पुण्यात मी राहते. आमच्या दारावर भाजीवाली येते, ती कुठनं आणत असेल भाजी?”

मला वाटलं, झालं काम. सहा वर्षं मी हेच सांगत होते. औषधाच्या डब्यावरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं, तर “बारावी शिकल्याली सून हाय, आता आमाला शेती शिकवणार” एवढंच पदरात पडलं. लेकीचं तरी ऐकतील. आबांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “तू कशाला काळजी करती? दर आठवड्याला घरच्या वाफ्यातलं पोचतं करतो तुला. बाजारातलं घिऊच नको.”

आणि ताईंनी मान डोलावली. “विसरू नका मात्र,” म्हणाल्या आणि हरभऱ्याचा पुढचा घाटा फोडला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या लेकीच्या ताटातलं विष काढलं की मिटलं, मग तिच्याच जिन्यातल्या शेजारणीने ते खुशाल पोरांना शिजवून घालावं. राग ताईंचा आला, आबांचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. सहा वर्षं मी बोलत होते खरी, पण तोडतही मीच होते.

न्याहारी छान झाली म्हणे. दाजींनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या, भरिताचे फोटो काढले. एक वाजता दोघं निघाली, डिकीत घरची वांगी घेऊन.

ती गेली तशी तोड्याची घाई सुरू झाली, तीनला टेम्पो यायचा होता. माझा नवरा कंपनीत सेकंड शिफ्टला गेला होता. तो घरी असला तरी वांग्यांचा तोडा माझ्याच अंगावर असतो. आबांनी रिकामी क्रेट बांधावर मांडली आणि माघारी येऊन हाक मारली. “अनिता, चल. टेम्पोवाला यील इतक्यात.”

मी भांडी घासत होते, ती घासतच राहिले. “आबा, मी गुरुवारी तोडते.”

“गुरुवारपतूर जून व्हतील. मग कोण इचारतंय?”

“न का इचारंना. आज मी हात लावणार न्हाई.”

या घरात येऊन मी असं कधी बोलले नव्हते. ते माझ्याकडे बघत उभे राहिले. मी मान वर केली नाही.

शेवटी ते एकटेच प्लॉटाकडे चालू लागले. पंच्याहत्तरी गाठलेला माणूस, पाय घासत जात होता. क्षणभर वाटलं, उठावं. बांधावर पोचल्यावर ते थांबले. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी नाकातोंडाभोवती दोन वेढे दिले, मागे गाठ मारली, सदऱ्याच्या बाह्या पार मनगटाखाली ओढल्या आणि मग सरीत पाय टाकला.