रेकॉर्ड कोणाच्या खाली?

रेकॉर्डबाईंना रजा हवी होती, चांगली महिनाभराची. लेकीचे दिवस भरत आले होते, विहीणबाई पाय मोडून अंथरुणात, आणि जावई असा की अंडं उकडायचं झालं तरी बायकोला हाक मारणार. जायलाच हवं होतं. पण अर्जावर सही कोणाची घ्यायची?

घोडं अडलं ते इथंच. रेकॉर्ड विभाग म्हणजे बाई, एक शिडी आणि छतापर्यंत फायली. आधीच्या मोठ्या साहेबांनी तो स्वतःच्या हाताखाली ठेवला होता. ते निवृत्त झाले आणि विभाग पोरका झाला. शेवटी नव्या मोठ्या साहेबांनी बैठक बोलावली. विषय एकच, रेकॉर्ड कोणाच्या खाली?

"आमच्याकडे नको हो," प्रशासनवाले म्हणाले. "पंखे आमचे, संडास आमचे, आता धूळही आमच्याच गळ्यात?"

कॉम्प्युटरवाले म्हणाले, घेतो की, पण कागद सोडून.

"कागद सोडले तर मी एकटीच उरते," बाई म्हणाल्या.

"मग राहू द्या," कॉम्प्युटरवाले म्हणाले.

कायदा विभागाचे साहेब मान खाली घालून बिस्किट खात होते. कोर्टात कागद तुम्हालाच लागतात ना, मग तुमच्या खाली, असं म्हणून मोठे साहेब उठलेसुद्धा. बिस्किट घशात, त्यामुळे कायदेवाल्यांना वेळेवर 'नाही' म्हणता आलं नाही. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तिथल्या तिथं पर्समधून अर्ज काढला.

"आधी ऑर्डर येऊ द्या," कायदेवाले खोकत म्हणाले.

ऑर्डर आली. 'रेकॉर्ड विभाग तातडीने कायदा विभागाच्या खाली आणावा.' झालं! दुसऱ्या दिवशी सकाळीच हमाल हजर. कायदा विभाग तिसऱ्या मजल्यावर, आणि त्याच्या बरोबर खाली कँटीन. आता यात हमालांचं काय चुकलं, सांगा बरं? त्यांनी ऑर्डर वाचली, आणि नीट वाचली. दुपारपर्यंत चहाच्या पिंपाला टेकून जुने खटले उभे राहिले आणि कँटीनवाला कपाळाला हात लावून बसला.

तेवढ्यात जावयाचा फोन आला. "आई, तिला कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात आणलंय. सारखी तुम्हालाच विचारतेय हो."

बाई धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर गेल्या आणि अर्ज कायदेवाल्यांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा पुसला.

"बाई, 'खाली' म्हणजे मजल्यानं खाली. ते झालेलं आहे. 'अधीन' असा शब्द यात कुठाय? उद्या सही माझ्या अंगाशी येईल."

"मग करायची कोणी?"

"जागा कँटीनची आहे," कायदेवाले विचार करून म्हणाले. "त्यांना विचारून बघा."

"साहेब, माझी पोरगी तिकडे कळांनी तळमळतेय!"

"मला वाईट वाटतंय," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं. "पण मोठे साहेब 'खाली'चा खुलासा करेपर्यंत माझे हात बांधलेले आहेत."

बाईंचं डोकं सटकलं. इतकी वर्षं या लोकांच्या फायली झटकल्या, आणि एक सही निघेना!

"म्हणजे मी कोणाच्याच खाली नाही?"

"आजच्या तारखेला तरी नाही."

"मग मला जाऊ नका म्हणणारं तरी कोणी आहे का?"

कायदेवाल्यांनी ऑर्डर पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. "नाही," ते म्हणाले. माणूस प्रामाणिक होता.

बाई तशाच निघाल्या. दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डापाशी रखवालदारानं हात आडवा घातला.

"कोणाच्या तुम्ही?"

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आतून ओळखीचा आवाज कळवळून ओरडत होता.

"ती ओरडतेय ना," बाई म्हणाल्या, "तिची आई."

रखवालदारानं ऑर्डर मागितली नाही. तो बाजूला झाला.